ग्रामसभेत मांडलेला प्रश्न प्रोसिडिंगमध्ये कसा उतरवावा

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या ग्रामसभेत मळ्यातल्या वस्तीवरच्या एक आक्का उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले की, टाकी बांधून झाली, तिला निळा रंगही दिला, मग वस्तीच्या नळाला पाणी का येत नाही. सभेत क्षणभर शांतता पसरली. "येत्या महिन्यात काम मार्गी लावतो," असे सरपंचांनी सर्वांसमोर सांगितले, लोकांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. पुढची सभा भरली तेव्हा रिवाजाप्रमाणे मागील सभेचे इतिवृत्त वाचण्यात आले. आक्कांच्या प्रश्नाच्या जागी त्यात एकच ओळ होती: "पाणीपुरवठ्याबाबत चर्चा करण्यात आली." वस्ती कोणती, आश्वासन कोणी दिले, मुदत कोणती, यांपैकी एकही गोष्ट त्या ओळीत नव्हती. आम्हीही ती ओळ ऐकली आणि "कायम करण्यात येत आहे" म्हटल्यावर हात वर केले. चूक केवळ लिहिणाऱ्याची नव्हती. हात वर करणाऱ्या आम्हा सर्वांचीही होती.

ग्रामपंचायतीच्या कारभारात जे प्रोसिडिंगच्या, म्हणजे इतिवृत्ताच्या, वहीत उतरले तेवढेच घडले असे धरले जाते. पंचायत समितीत तक्रार घेऊन गेलात, जिल्हा परिषदेत गेलात किंवा पुढे माहिती आयोगाकडे अपील केले, तरी पहिला प्रश्न एकच असतो: ठराव आहे का? म्हणून सभेला जाणे आणि सभेत बोलणे ही कामाची निम्मी बाजू झाली. बोललेले कागदावर आणणे, त्या कागदाची नक्कल हाती घेणे आणि तो कागद प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहणे ही उरलेली निम्मी बाजू असून, आपल्याकडे दुर्लक्ष होते ते नेमके तिच्याकडे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गावांना चारचौघांत कारभार चालवण्याची सवय नवी नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने याच पट्ट्यात गावकऱ्यांसमोर न्यायनिवाडे केले होते. आज तर त्या हक्काला कायद्याचे पाठबळ आहे आणि ते वापरण्याची रीत समजून घेणे प्रत्येक मतदाराला शक्य आहे.

कायद्यातील काही गोष्टी आधी पक्क्या ठाऊक असाव्यात. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. त्यासाठी वेगळी नोंदणी, पावती किंवा कोणाची परवानगी लागत नाही. वित्तीय वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि त्या सहसा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर व २६ जानेवारी या दिवसांच्या आसपास होतात. पुरेशा कारणाशिवाय या सभा घेण्यात कसूर केल्यास सरपंच अपात्र ठरू शकतात. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. अनेक गावांत ही महिला सभा फक्त सह्यांपुरती उरते. पण आक्कांसारख्या ज्या स्त्रियांना भर सभेत बोलताना संकोच वाटतो त्यांच्यासाठी तीच सर्वांत उपयोगी जागा आहे, आणि तेथे झालेला ठराव ग्रामसभेपुढे वाचला जावा असा आग्रह धरला पाहिजे.

गणपूर्तीचे गणितही समजून घ्यावे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सदस्य हजर असणे आवश्यक असते. बाराशे मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे १८० होतात, म्हणून तेथे १०० लोक पुरतात. चारशे मतदारांच्या वाडीत ६० लोक लागतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि पुन्हा भरलेल्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. "एवढे लोक आलेच नाहीत, मग सभा होणार कशी" असे समजून घरी बसणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की, त्यांच्याच गैरहजेरीमुळे पुढच्या खेपेला वीस माणसांत गावाचे निर्णय होऊ शकतात. पहिल्या सभेला शंभर माणसे जमवणे हे म्हणूनच सत्ताधारी गटाचे काम मानू नये. ज्याला प्रश्न विचारायचा आहे त्याचेच ते पहिले काम आहे.

प्रत्यक्ष तयारी सभेच्या सात दिवस आधी, म्हणजे नोटीस निघते तेव्हा सुरू करावी. साधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लावायची असते आणि दवंडीही द्यायची असते. नोटीस फलकावर दिसताच तिचा मोबाईलवर फोटो घ्यावा. त्यात फलक, तारीख आणि अजेंड्यावरील सर्व विषय स्पष्ट दिसले पाहिजेत. आपला प्रश्न अजेंड्यावर नसेल तर तो सभेच्या दिवशी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" या शेवटच्या बाबीत जाऊन पडतो. तोवर लोक उठायला लागलेले असतात, चहा आलेला असतो आणि घाईघाईत विषय गुंडाळला जातो. म्हणून सभेच्या किमान चार दिवस आधी सरपंचांच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि तो ग्रामपंचायत कार्यालयाच्या आवक नोंदवहीत चढवून आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का व सही घ्यावी. हे कार्यालय सांभाळणारी ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदे २०२४ मध्ये एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी असे नाव देण्यात आले. गावात मात्र सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. भाऊसाहेब भेटत नसतील तर अर्ज पोस्टाने, पोचपावतीसह पाठवावा.

अर्ज लांबलचक असू नये. आम्ही आक्कांसाठी जो अर्ज लिहिला त्याचा मजकूर साधारण असा होता: "विषय: मळा वस्तीच्या नळजोडण्यांना पाणी मिळण्याबाबत. महोदय, मळा वस्तीवर २३ कुटुंबे राहत असून टाकीचे काम पूर्ण झाल्यानंतरही वस्तीपर्यंतच्या वाहिनीला पाणी आलेले नाही. तरी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा व सभेपुढे पुढील कागद ठेवावेत: कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, आतापर्यंत अदा केलेल्या रकमेचा तपशील आणि उरलेले काम पूर्ण करण्याची तारीख." खाली अकरा जणांच्या सह्या होत्या आणि त्यांतील सात स्त्रियांच्या होत्या. या अर्जात आरोप नाही, कोणाचे नाव नाही, "भ्रष्टाचार" हा शब्द नाही. अशा अर्जाला उत्तर द्यावेच लागते. आरोपाला नुसता खुलासा केला तरी भागते. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाणी पुरवण्याचे आहे, हा आकडाही आम्ही अर्जात घातला, कारण आकडा घातला की "पाणी येते की" असे मोघम उत्तर देता येत नाही.

सभेला जाण्याआधी गावाचा पैसा कोठून येतो याचा अंदाज घेतला तर प्रश्न अधिक नेमके होतात. ग्रामपंचायतीकडे घरपट्टी, पाणीपट्टी यांसारखे स्वतःचे उत्पन्न असते आणि वित्त आयोगाचा निधी येतो. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच राखून ठेवलेली होती आणि ४० टक्के अबंधित होती. "पाण्यासाठी निधीच नाही" असे त्या वर्षांबद्दल कोणी सांगितले तर बंधित निधीतून किती आले आणि कशावर खर्च झाले, एवढे विचारणे पुरेसे आहे. स्वउत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात; हा हिशोब ग्रामसभेत फार क्वचित विचारला जातो, आणि दिव्यांगांच्या वाट्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा आणि केलेले खर्च पाहता येतात. गावातल्या कॉलेजला जाणाऱ्या एखाद्या मुलामुलीला अर्धा तास सोबत बसवून ती पाने छापून घ्यावीत. सभेत मोबाईल दाखवण्यापेक्षा छापील कागद हातात असलेला बरा.

पुढच्या वर्षीचा ग्रामपंचायत विकास आराखडा "आमचं गाव, आमचा विकास" या उपक्रमाखाली साधारण ऑक्टोबरपासून तयार होऊ लागतो, म्हणून २ ऑक्टोबरच्या सुमारास होणारी सभा सर्वांत महत्त्वाची असते. जे काम आराखड्यात नाही त्याला पुढे पैसे मिळवणे अवघड जाते. आपल्याकडे लोक गर्दी करतात ती २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर. तोवर आराखडा बहुतेक ठरून गेलेला असतो.

आता सभा. हजेरी वहीवर सही करण्याआधी पानाच्या माथ्यावर सभेची तारीख आणि प्रकार लिहिलेला आहे याची खात्री करावी. कोऱ्या पानावर सही करू नये, आणि सभेला न जाता घरपोच आलेल्या वहीवर तर मुळीच करू नये. शेजारपाजारच्या संबंधामुळे नाही म्हणणे जड जाते हे मला ठाऊक आहे. पण त्या सहीने आपण न ऐकलेल्या ठरावाला संमती दिल्याचे उद्या दाखवता येते. सभा सुरू झाली की मागील इतिवृत्त वाचण्याचा विषय पहिला असतो आणि लोक तो कंटाळवाणा समजून बाहेर उभे राहतात. खरे तर सर्वाधिक कान देऊन ऐकायचा भाग तोच. त्यात चूक किंवा गाळलेले काही आढळले तर "हे इतिवृत्त या दुरुस्तीसह कायम करावे" असे म्हणून दुरुस्तीचे वाक्य सांगावे आणि ते त्याच क्षणी लिहून घ्यायला लावावे.

आपला विषय आला की भाषण करू नये, ठराव मांडावा. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात, म्हणून ही दोन नावे आधीच ठरवून ठेवावीत आणि शक्यतो ती दोन वेगळ्या भावकीतली किंवा दोन वेगळ्या वस्त्यांवरची असावीत, म्हणजे विषय गटातटाचा राहत नाही. ठरावाचे वाक्य घरूनच लिहून न्यावे आणि त्यात काम, ठिकाण, जबाबदार पद आणि मुदत या चारही गोष्टी असाव्यात, जमल्यास निधीचे नावही. "मळा वस्तीपर्यंतची उर्वरित वाहिनी टाकून ३१ डिसेंबरपूर्वी पाणीपुरवठा सुरू करावा, काम अपूर्ण राहिल्यास त्याची कारणे पुढील ग्रामसभेत सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी लेखी मांडावीत, असे सर्वानुमते ठरले" या वाक्यातून पळवाट काढणे कठीण आहे. "योग्य ती कार्यवाही करण्यात यावी" हे वाक्य मात्र काहीही सांगत नाही, आणि सरकारी मराठीत तेच सर्वांत लोकप्रिय आहे. आपल्या ठरावात ते घुसू लागले तर नम्रपणे पण ठामपणे हरकत घ्यावी. "भाऊसाहेब, योग्य म्हणजे काय आणि केव्हापर्यंत, तेवढे लिहा," इतके म्हटले की पुरते.

सभा संपताना लिहिलेला ठराव मोठ्याने वाचून दाखवण्याची विनंती करावी, त्याचा क्रमांक टिपून घ्यावा आणि शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारली आहे का ते पाहावे. मतभेद असेल तर विरोधाचीही नोंद मागावी. गावात वाद नको म्हणून "सर्वानुमते" लिहू द्यायचे आणि नंतर कुरकुर करायची, ही रीत सोडली पाहिजे. आठवड्याभरात ठरावाची प्रमाणित नक्कल मागणारा अर्ज द्यावा.

नक्कल मिळाली नाही किंवा कामाचे कागद दाखवले गेले नाहीत, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा आधार घ्यावा. अर्ज "जोडपत्र अ" च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नसते, मात्र पुरावा जोडावा लागतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत, असा नियम आहे. अर्जात "का" हा शब्द येऊ देऊ नये. "रस्ता खराब का झाला" याला उत्तर मिळत नाही. "अमुक रस्त्याचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पाने, देयक आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या प्रती" असे मागितले की कागद द्यावे लागतात. प्रत्येक पानाच्या प्रतीला २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे, आणि तेथेही न्याय मिळाला नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील करावे. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. दुसऱ्या अपिलाला बराच वेळ लागतो, म्हणून शक्य तेथे आधी कागद समक्ष पाहण्याचा मार्ग वापरावा: जिल्हा पातळीवरील व त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची व्यवस्था राज्य शासनाने २०१८ मध्ये केलेली आहे. समोर बसून फाईल चाळली की कोणत्या पानाची प्रत मागायची ते कळते.

मोजमाप पुस्तकाची पाने हाती आली की टेप घेऊन कामावर जावे. आमच्या गावातील गल्लीचा काँक्रीट रस्ता कागदावर १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर जाड होता, म्हणजे काँक्रीट ४५ घनमीटर. आम्ही चौघेजण सकाळी सातला लांब टेप आणि एक पोलादी पट्टी घेऊन गेलो. लांबी-रुंदी बरोबर भरली. जाडी मोजायला रस्ता फोडावा लागत नाही. जेथे रस्ता संपून माती सुरू होते तेथे कडेची माती खुरप्याने बाजूला केली की काँक्रीटचा काठ उघडा पडतो. तीन ठिकाणी पाहिले आणि तिन्ही ठिकाणी पट्टी १० सेंटीमीटरच्या आसपास थांबली. सर्वत्र तशीच जाडी असेल तर काँक्रीट ३० घनमीटर होते. फरक १५ घनमीटरचा, म्हणजे गवंड्याच्या भाषेत पाच ब्रासच्या वर. काठावरची जाडी आतल्यापेक्षा कमी असू शकते, हेही खरे. म्हणून आम्ही "चोरी" असा शब्द वापरला नाही. पट्टीसह काढलेले फोटो, तिन्ही ठिकाणांची मोजमापे आणि मोजमाप पुस्तकाची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज केला आणि अभियंत्यांच्या उपस्थितीत, ग्रामस्थांसमोर फेरमोजणी मागितली. फेरमोजणीचा दिवस ठरला त्याच्या आधी कंत्राटदार स्वतःहून येऊन कडा भरू लागला तेव्हा आम्ही त्याला थांबवले, कारण मोजणीआधी दुरुस्ती झाली असती तर मोजायला काही उरले नसते.

गटविकास अधिकाऱ्यांकडून दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जावे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तेथे थेट जाण्याआधी तालुका पातळीवर अर्ज केलेला असावा लागतो आणि न्यायप्रविष्ट किंवा माहिती अधिकाराची प्रकरणे तेथे घेत नाहीत. गैरवर्तनाबद्दल सरपंच किंवा सदस्याला पदावरून दूर करण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे आणि तो निर्णय मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर विभागीय आयुक्त करतात. ही शेवटची पायरी आहे. तिचा धाक दाखवून सुरुवात करू नये, कारण मग पाण्याचा प्रश्न बाजूला पडतो आणि गावात दोन तट उभे राहतात.

शहरात राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. २०२० मध्ये सातारा नगरपरिषदेची हद्दवाढ झाली आणि शाहूपुरी, विलासपूर यांसारखा भाग शहरात आला. तेथील लोकांना नगरपरिषदेच्या सोयींचा हक्क मिळाला, पण ज्या सभेत उभे राहून प्रश्न विचारता येत होता ती ग्रामसभा गेली. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात केली, तरी ती रोजच्या कारभारात रुजली नाही. अशा ठिकाणी हरकती व सूचना हे मुख्य साधन उरते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवता येते. गट क्रमांक, जागेवरील आरक्षणाचा क्रमांक आणि नेमकी मागणी लिहून ती द्यावी आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे. सही केलेल्या पन्नास छापील अर्जांपेक्षा स्वतंत्र कारणे देणारे पाच अर्ज सुनावणीत अधिक उपयोगी पडतात, कारण प्रत्येकावर वेगळा अभिप्राय लिहावा लागतो.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर सातारा व सांगली जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा जिल्हा परिषदेच्या गटातला किंवा पंचायत समितीच्या गणातला निवडून दिलेला माणूस विचारायला उरला नव्हता. त्या काळात ज्या गावांनी ग्रामसभेचे ठराव नीट लिहून पंचायत समितीला पाठवले त्यांच्या हाती निदान पाठपुरावा करण्यासाठी क्रमांक आणि तारीख होती.

मळा वस्तीच्या ठरावातील ३१ डिसेंबरची मुदत टळली. २६ जानेवारीच्या सभेत आक्कांनी ठरावाचा क्रमांक वाचला आणि कारणे लेखी मागितली. सरपंचांनी कागद दिला, त्यात वाहिनी एका शेताच्या बांधातून नेण्यास संमती मिळाली नसल्याचे लिहिले होते. ते शेत ज्यांचे होते ते तात्या सभेतच बसले होते आणि आपल्याला कोणी विचारलेच नाही, असे त्यांनी उभे राहून सांगितले. संमतीपत्र त्याच सभेत लिहून झाले आणि ते ठरावाला जोडले गेले. मार्चमध्ये वाहिनी टाकून झाली. पाणी आता एक दिवसाआड, सकाळी चाळीस मिनिटे येते, आणि येत्या १ मे च्या सभेसाठी आक्कांनी दिलेल्या अर्जात त्या चाळीस मिनिटांत माणशी किती लिटर भरते, याचा सात दिवसांचा हिशोब जोडलेला आहे.